बर्टन-अपॉन-ट्रेंट: बिअर न पिणाऱ्यांनी जावं का?

सावनी_तळेगाव

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या डेप्युटेशनमुळे सध्या मुक्काम स्टॅफर्डशायरमध्ये, युटॉक्सिटरला. पुढच्या महिन्यात सासूबाई आणि बाबा (सासरे) येताहेत. लंडन, लेक डिस्ट्रिक्ट वगैरे ठरलंय. प्रश्न मधल्या शनिवार-रविवारांचा आहे. नवऱ्याच्या डोक्यात बर्टन-अपॉन-ट्रेंट बसलंय. गाडीने अर्ध्या तासावर, नदीकाठचं जुनं गाव, बिअरचा मोठा इतिहास, आणि 'इंडिया पेल एल (ती फिक्या रंगाची बिअर) आपल्यासाठी तिथे बनली' हे पालुपद. आपल्यासाठी कसली, साहेबासाठी बनली.

घरात पिणारा तो एकटा. सासूबाईंना वासही चालत नाही. बाबा कोणाला नावं ठेवत नाहीत, पण स्वतः कधी घेतलेली नाही. तर अशा चौघांनी तिथे दिवस घालवावा का? गावात बिअरशिवाय बघण्यासारखं काही आहे का? कोणी जाऊन आलंय?

टोपणनाव_सुचेना

नवऱ्याला एकट्याला पाठवा, तुम्ही तिघं बागेत बसा. संसार टिकतो.

डर्बीकर

सावनीताई, मी डर्बीत बरीच वर्षं आहे. आगगाडीने बर्टन पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे येणं-जाणं होतं. खरं सांगायचं तर 'नदीकाठचं जुनं इंग्लिश गाव' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते पुसून टाका. फुलांच्या कुंड्या, गवताची छपरं, दगडी गल्ल्या, काही नाही. हे कारखान्यांचं गाव आहे. स्टेशनाबाहेर पडलात की लाल विटांच्या जुन्या इमारती, मोठाल्या पोलादी टाक्या आणि मधेच शॉपिंगची पत्र्याची शेड्स. टाक्या मोल्सन कूर्स या बिअर कंपनीच्या, त्यात कार्लिंग नावाची लागर बिअर तयार होते. ती पिऊन कोणी कविता करत नाही.

जुने ब्लॉग वाचून जाणाऱ्यांची फसगत होते ती म्युझियमपायी. बास या गावातल्या जुन्या बिअर कंपनीचं म्युझियम १९७७ साली सुरू झालं. २००८ ला बंद, २०१० ला 'नॅशनल ब्रुअरी सेंटर' या नावाने पुन्हा चालू. शायर जातीचे धिप्पाड घोडे, गावाचं रेल्वेसह मोठं मॉडेल, सगळं छान होतं. २०२२ च्या अखेरीस तेही बंद झालं, मोल्सन कूर्सने जागा ऑफिसांसाठी घेतली. लोकांनी सह्यांची मोहीम वगैरे केली. व्हायचं ते झालंच.

तरीही जा असंच म्हणेन. कसं ते सवडीने लिहितो, आत्ता शिफ्ट आहे.

मुक्काम_पोस्ट_हल

मी उलट मत देतो. म्युझियम नाही, गाव देखणं नाही, घरात पिणारं माणूस एकच, मग जायचं कशाला? तुमच्याकडून लिचफील्ड जवळ आहे. तिथलं तीन सुळक्यांचं कॅथीड्रल बघून सासूबाई खूश होतील. नाहीतर चॅट्सवर्थचा भव्य वाडा. आई-वडील आयुष्यात एकदा विलायतेला येणार आणि तुम्ही त्यांना दारूच्या टाक्या दाखवणार?

भटकी_वल्ली

@मुक्काम_पोस्ट_हल, टाक्या कोण बघतंय, नदी बघा की!

बर्टनला ट्रेंट एका धारेने वाहत नाही, फाटे फुटतात आणि मधे बेटासारखे गवताळ पट्टे तयार होतात. वॉशलँड्स म्हणतात त्यांना. पुराचं पाणी पसरायला राखलेली जमीन, त्यामुळे ऐन गावात असूनही त्यावर बांधकाम नाही. आम्ही फेरी ब्रिजवरून पलीकडे स्टेपनहिलला गेलो. फक्त चालणाऱ्यांसाठीचा लोखंडी झुलता पूल आहे, १८८९ चा. त्याआधी तिथे होडी होती. बास घराण्यातल्या मायकेल आर्थर बासने स्वतःच्या पैशांनी पूल बांधून गावाला दिला. पलीकडे उतारावर बाग, फुलझाडांचे ताटवे, नदीत हंस. आमच्या सासूबाई तिथल्या बाकावर बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या. थर्मासमधला चहा आणि डब्यातले पराठे. त्यांना गावाचं नावही लक्षात नाही, पण 'ती हंसांची जागा' अजून काढतात.

गावात चर्च म्हणा, टाउन हॉल म्हणा, नीट चौकशी केली की कुठे ना कुठे बासच्या पैशाचा हात लागलेला निघतो.

चौकस_पेन्शनर

धागा वाचून राहवलं नाही. लांबण लागेल, आधीच माफी.

बर्टनचा धंदा हिंदुस्थानामुळे उभा राहिला हे अर्धंच खरं आहे. आधी तिथे बेनेडिक्टाइन मठ होता, इसवी सन १००० च्या सुमारास वुल्फ्रिक स्पॉट नावाच्या सरदाराने स्थापलेला. मठात बिअर व्हायचीच, युरोपभर सगळीकडे व्हायची. गावाचं नशीब उघडलं ते १६९९ च्या कायद्यानंतर. ट्रेंट नदी बर्टनपर्यंत नौकानयनाला योग्य करायची असं ठरलं आणि पुढच्या काही वर्षांत नावा हल बंदरापर्यंत जाऊ लागल्या. तिथून बाल्टिक समुद्र आणि थेट सेंट पीटर्सबर्ग. म्हणजे बर्टनचं पहिलं मोठं परदेशी गिऱ्हाईक रशियन. त्यांना जायची ती बिअर गडद, गोडसर आणि जबर कडक.

मग नेपोलियन आडवा आला. १८०६ मध्ये त्याने युरोपची बंदरं इंग्रजी मालाला बंद केली. लढाया संपल्यावर जरा बरे दिवस येतात तोवर १८२२ मध्ये रशियाने जकात चढवली. बर्टनवाले हवालदिल.

त्या काळी हिंदुस्थानात जाणाऱ्या फिक्या रंगाच्या बिअरचा बाजार लंडनच्या बो भागातल्या हॉजसन नावाच्या ब्रुअरकडे होता. त्याची बिअर जगावेगळी होती अशातला भाग नाही. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची ती गोदी जवळ होती आणि तो कप्तानांना लांबच्या उधारीवर माल द्यायचा. पुढे हॉजसन मंडळींना हाव सुटली. कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठवायला लागले, भाव वाढवले, उधारी बंद केली. कंपनीचे लोक चिडले. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठून हॉजसनच्या बिअरचा नमुना दिला आणि विचारलं, अशी जमेल का? ऑलसॉपच्या माल्टवाल्याने (माल्ट म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य), जॉब गुडहेडने, पहिला घाणा चक्क चहाच्या किटलीत काढला असं सांगतात. किटलीची गोष्ट खरी असो-नसो, लवकरच ऑलसॉप आणि बास यांची पिंपं कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरात उतरू लागली.

'बिअर प्रवासात नासायची, म्हणून खास हिंदुस्थानासाठी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) वाढवून नवी बिअर शोधून काढली' ही कथा पबमधल्या पाट्यांवर शोभते. पोर्टर नावाची काळी बिअर त्याच जहाजांतून, त्याच उन्हातून सुखरूप येत होती. साधे गोरे शिपाई तीच पीत. पेल एल अधिकाऱ्यांची. जास्त हॉप्स घालून बिअर टिकवायची युक्तीही जुनीच होती. फरक पडला तो प्रवासाने. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, पिंपं हिंदकळायची, तापायची, निवायची. त्यात ती अशी काही मुरायची की इथल्या साहेबाला तीच चव लागली. आणि गंमत बघा, 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेली अगदी सुरुवातीची जाहिरात सापडते ती १८२९ ची, ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या वर्तमानपत्रात.

इथे आल्यावर ती गार कोण करायचं? बर्फाआधीच्या काळात साहेबाच्या घरी त्यासाठी वेगळा नोकर असे, आबदार. सोरा घातलेल्या पाण्यात बाटल्या फिरवत बसायचं. सावनीताई, तुमच्या यजमानांना सांगा, 'आपल्यासाठी' म्हणजे आपल्या वाट्याला एवढंच आलं.

टोपणनाव_सुचेना

पेन्शनरकाका, शेवटच्या वाक्याला +१०००. बाकीच्यालाही.

अस्सल_सोलापुरी

एका दमात वाचलं. पण काका, बर्टनच का? नदीकाठी गावं ढिगाने पडलीत इंग्लंडात.

हॉप्सवाला

याचं उत्तर माझ्याकडे आहे. पुण्यात मायक्रोब्रुअरीत काम करतो, हा आमचा रोजचा विषय.

पाणी! नदीचं नव्हे, विहिरींचं. ट्रेंटचं पाणी बिअरमध्ये जात नाही, कृपया हा गैरसमज नको. गावाखालच्या खडी-वाळूच्या थरांत मुरलेलं पाणी जिप्समवरून झिरपत येतं, त्यामुळे त्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर. अशा पाण्यात फिकी बिअर स्वच्छ निवळते आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेवर रेंगाळत नाही, कोरडा आणि नेमका लागतो. लंडनच्या पाण्यात कार्बोनेट जास्त. त्यात काळी पोर्टर उत्तम व्हायची, पेल एल तेवढी नाही. म्हणून ऑलसॉपची नक्कल मूळ मालापेक्षा सरस ठरली, आणि नंतर लंडनच्याच कंपन्या बर्टनला येऊन शाखा काढू लागल्या. १८८० च्या दशकात ब्रिटनमधल्या एकूण बिअरच्या सुमारे एक चतुर्थांश बिअर या एवढ्याशा गावातून निघत होती.

आज आम्ही आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, लावताना पाण्यात जिप्सम टाकतो. जगभर या कामाला 'बर्टनायझेशन' म्हणतात. बर्टनच्या ताज्या एलचा पेला नाकाजवळ नेला की क्षणभर गंधकाचा भपकारा येतो, तो या सल्फेटचाच प्रताप. जाणकार त्यावरून माल ओळखतात, नवखे पेला परत करतात.

माझी खरी हळहळ वेगळी आहे. तिथे 'बर्टन युनियन' नावाची पद्धत होती. पीटर वॉकरने १८३८ साली पेटंट घेतलेली. ओकच्या मोठ्या पिंपांच्या रांगा एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या. बिअर आंबायला लागली की यीस्टचा फेस प्रत्येक पिंपाच्या वाकड्या नळीतून वर चढून पन्हळीत पडतो, यीस्ट वर राहतं, खाली बसलेली बिअर पुन्हा पिंपांत उतरते. ना पंप, ना फिल्टर. खर्चीक आणि कटकटीचं काम, पिंपं राखायला कूपर, म्हणजे पिंपं बनवणारे कारागीर लागतात. शेवटी एकट्या मार्स्टन्सकडे उरली होती. २०२४ मध्ये तिथेही बंद करायचं ठरलं. त्यातला एक संच शेजारच्या डर्बीशायरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेला आणि चालू केला, एवढंच समाधान. म्हणजे बर्टन युनियन बघायला आता बेकवेलला जावं लागतं!

मुक्काम_पोस्ट_हल

घ्या. म्युझियम गेलं, युनियन गेली, आणि हे अजून 'जा' म्हणताहेत. बेकवेल चॅट्सवर्थच्या शेजारीच आहे बरं का, मी आधीच सांगितलं होतं.

नदीकाठची ब्रुअरीच हवी असेल तर यॉर्कशायरमधलं टॅडकास्टर बघा. व्हार्फ नदी, १७५८ पासूनची सॅम्युअल स्मिथ ब्रुअरी, घोडागाडीतून पिंपं अजून जातात. त्यांच्या पबमध्ये मोबाईल वापरायला मनाई आहे.

टोपणनाव_सुचेना

मनाई? मग आमच्या हिला घेऊन टॅडकास्टरच.

निमूट

मंडळी, माहिती चांगली आहे, पण दारूच्या धंद्याचं किती कौतुक करायचं? दारूपायी घरं बसलेली मी जवळून पाहिली आहेत. सावनीताईंनी न पिणाऱ्यांसाठी विचारलं होतं, आणि धागा चाललाय हॉप्स आणि पिंपांवर.

चौकस_पेन्शनर

निमूट, तुमचं म्हणणं हसण्यावारी नेणार नाही. माझ्याही घरात तो अनुभव आहे आणि मी स्वतः घेत नाही. पण गाव समजून घ्यायचं तर त्याचं पोट कशावर चालतं ते बघावंच लागतं. बर्टनमधल्या रस्त्यांवरून कंपन्यांच्या खासगी आगगाड्या आडव्या जायच्या, गावभर तीसेक फाटकं होती, माणसं सदा फाटकाशी खोळंबलेली. वर्षातून एकदा बास कंपनी कामगारांना बायकामुलांसह समुद्रकिनारी न्यायची. एका दिवसात पंधराच्या आसपास गाड्या, पहाटेपासून ठरलेल्या अंतराने सुटायच्या. १९१४ च्या युद्धाने ते थांबलं. हा गिरणगावासारखाच इतिहास आहे, फक्त कापसाच्या जागी माल्ट.

अबोली

गिरणगावाचा विषय निघाला म्हणून लिहिते. निमूट, हे तुमच्यासाठीही.

बर्टनला गेलात तर वाऱ्यावर दोन वास येतील. एक गोडसर, भाजल्या धान्याचा, माल्टचा. दुसरा खारट, दाट, पहिल्यांदा नाक मुरडायला लावणारा. तो मार्माइटचा. ब्रुअरीत उरलेल्या यीस्टचं करायचं काय, या प्रश्नातून १९०२ साली बर्टनमध्ये मार्माइट कंपनी निघाली. बासचं यीस्ट शेजारीच मिळायचं. त्यात मीठ घातलं की पेशी फुटतात, मग गाळून आटवायचं. काळं, चिकट, पावाला लावायचं. पूर्ण शाकाहारी.

मी रक्ताच्या आजारांवर काम करते, त्यामुळे ही बाटली माझ्या लेखी पूज्य आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत मातामृत्यूंची चौकशी चालू होती. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा पंडुरोग दिसायचा. लोहाने बरा व्हायचा नाही. जंतूंचा संशय होता, तो खोटा ठरला. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते बघितलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी स्वस्त म्हणून मार्माइट देऊन पाहिलं. रक्त सुधारायला लागलं. मग तेच त्यांनी आजारी बायकांना दिलं, त्याही बऱ्या झाल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध आला. यीस्टमधल्या त्या अज्ञात गोष्टीला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये ती पालकाच्या पानांतून वेगळी काढली. आज आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईला लोहाबरोबर जी फॉलिक ॲसिडची गोळी देतात, तिची वाट इथून सुरू झाली.

आयपीएपेक्षा हे नातं मला जवळचं वाटतं. साहेबाची बिअर साहेबाने प्यायली. उरलेल्या गाळातून निघालेलं औषध परळच्या बायकांच्या कामी आलं.

निमूट

अबोलीताई, हे माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद.

अस्सल_सोलापुरी

माझी आई अंगणवाडीसेविका होती. त्या गोळ्यांचे डबे आमच्या घरात असायचे. फोन करून सांगतो तिला आत्ता.

सावनी_तळेगाव

बापरे, मी दोन दिवस इकडे फिरकले नाही तर केवढं लिहिलंत! अबोली, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. आता 'ती बाटली घेऊया' म्हणताहेत.

पण बाबांचं काय? ते बागेत बसणाऱ्यांतले नाहीत आणि चर्च बघून पाच मिनिटांत बाहेर येतात.

डर्बीकर

बाबांना आवड कशाची? नोकरी कशात होती?

सावनी_तळेगाव

पाणीपुरवठ्यात. उभी हयात पंपिंग स्टेशनवर. अजूनही कुठे मोटार सुरू झाली की आवाजावरून बेअरिंग गेलंय का ते सांगतात.

डर्बीकर

अहो मग आधी सांगायचं! सगळा धागा दोन ओळींत आटपला असता.

बर्टनच्या वेशीवर क्ले मिल्स म्हणून ठिकाण आहे. व्हिक्टोरियन पंपिंग स्टेशन, १८८५ चं. बिअर करताना धुण्या-विसळण्याला अफाट पाणी लागतं, आणि ते मळकं, आंबूस पाणी एवढ्या लहान गावाच्या गटारांत मावेना. नदीची दुर्दशा झाली. म्हणून हे स्टेशन बांधून सगळा मैला आणि ब्रुअऱ्यांचं सांडपाणी एगिंटनच्या शेतांकडे चढवायला सुरुवात केली. लेस्टरच्या गिमसन कंपनीची चार बीम इंजिनं, लँकेशायर बॉयलर, सगळं जागच्या जागी. १९७१ ला काम थांबलं. नंतर स्वयंसेवकांनी एकेक करून इंजिनं जिवंत केली. त्यातले बरेचसे निवृत्त फिटर, इंजिनिअर. बाबांना इंग्रजी फारसं येत नसलं तरी अडणार नाही, ही मंडळी हातात तेलाचं भांडं घेऊनच बोलतात.

फक्त एक, रोज उघडं नसतं आणि वाफेवर इंजिनं चालवायचे दिवस मोजकेच. त्यांच्या साइटवर तारीख बघूनच जा. बंद इंजिन बघण्यात अर्थ नाही.

दिवस असा: सकाळी क्ले मिल्स, दुपारी डबा घेऊन फेरी ब्रिज आणि स्टेपनहिलची बाग. यजमानांना तासभर सुट्टी द्या, क्रॉस स्ट्रीटवरच्या कूपर्स टॅव्हर्नला जाऊ दे. ते एकेकाळी बासचं कोठार होतं. मागच्या खोलीतल्या पिंपातून थेट पेल्यात देतात. मात्र परतताना गाडी तुम्ही चालवा.

चौकस_पेन्शनर

लंडनला जाणारच आहात, तर सेंट पँक्रस स्टेशनच्या खालच्या मजल्यावर बाबांना खांब दाखवा. १८६८ मध्ये स्टेशन उघडलं तेव्हा तळघर बर्टनच्या बिअरसाठी होतं, पिंपं पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या लिफ्टने खाली उतरायची. खांबांमधलं अंतर अभियंता बार्लोने बिअरच्या पिंपांच्या हिशेबाने ठेवलं. आता तिथे युरोस्टारचे प्रवासी आणि दुकानं.

हॉप्सवाला

आणि लंडनच्याच कोर्टोल्ड गॅलरीत माने या चित्रकाराचं पॅरिसच्या बारमधल्या मुलीचं चित्र आहे. तिच्यापुढच्या बाटल्यांवर लाल त्रिकोण शोधा, तो बासचा. १ जानेवारी १८७६ ला नोंदवलेला ब्रिटनचा पहिला ट्रेडमार्क.

मुक्काम_पोस्ट_हल

बरं, क्ले मिल्स मान्य. पण दुसऱ्या दिवशी लिचफील्ड करा. तिकडे मी हटणार नाही.

सावनी_तळेगाव

ठरलं! बाबांना इंजिनाचे फोटो पाठवले, त्यांचा उलट प्रश्न आला: 'हेड किती मीटर?' म्हणजे पाणी किती उंच चढवतात. डर्बीकरदादा, आता हे तुम्हीच शोधून द्यायचं. लिचफील्डही यादीत टाकलंय, हलवाले दादा.

सासूबाईंचा प्रश्न: मार्माइट ज्वारीच्या भाकरीला चालेल का?

अबोली

चालेल. अगदी पातळ लावा, वर लोणी. नेहमीच्या ठेच्याएवढं घेतलंत तर मिठाने तोंड आंबेल.

अस्सल_सोलापुरी

भाकरीला ठेचाच. बाकी सगळं मान्य, इथे तडजोड नाही.